गाणी पुस्तिकेत, मुले फडावर

पूर्वप्राथमिक शिक्षणातील बडबडगीतांचे आणि संगीताचे महत्त्व आता शासकीय धोरणानेही मान्य केले आहे. मात्र बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या भागात खरा प्रश्न वेगळाच आहे. गाणे म्हणणारे माणूस आणि ते ऐकणारे मूल वर्षातील किती महिने एकमेकांसमोर असतात?

तेलगाव (जि. बीड) : दसरा सरला की धारूर, वडवणी, माजलगाव या तालुक्यांतील वाड्यावस्त्या आणि तांडे हळूहळू ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरतात आणि पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. पत्र्याची पेटी, भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली लहान मुले, हे दृश्य या भागाला नवे नाही. तेलगाव हे रस्त्यांच्या नाक्यावरचे गाव. बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा असे दोन रस्ते येथे मिळतात. येथेच लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा आहे. दारात साखर कारखाना असताना जिल्ह्यातील लाखो माणसे ऊस तोडण्यासाठी परमुलखात जातात, हा विरोधाभास मराठवाड्याच्या शेतीविषयीच्या चर्चेत अनेकदा मांडून झाला आहे. त्या ट्रॉलीत बसलेल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे काय होते, हा प्रश्न मात्र शिक्षणाच्या चर्चेत फारसा येत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करण्याचा प्रयत्न होतो. मुले आजी-आजोबांजवळ राहतात, शाळेत जेवतात, त्यांचे वर्ष कसेबसे वाचते. सहा वर्षांखालील मूल मात्र आईबरोबरच जाते. आईशिवाय ते राहणार नाही, हे एक कारण. थकलेल्या आजीला त्याच्यामागे धावणे झेपणार नाही, हे दुसरे. अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव असते, पण हंगामाचे पाच-सहा महिने ते मूल तेथे नसते. नेमक्या याच वयात मुलाला भाषेचा आवाज ऐकवावा, गाणी म्हणवून घ्यावीत, ताल धरायला शिकवावे, असे बालशिक्षण सांगते.

हे सांगण्यामागे केवळ भाबडी हौस नाही. १९८०च्या दशकात ऑक्सफर्ड येथील पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि मोरॅग मॅक्लीन या संशोधकांनी साठहून अधिक मुलांचा वयाच्या सुमारे सव्वातीन वर्षांपासून पाठपुरावा केला. ज्या मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी बडबडगीते अधिक येत होती, त्यांना पुढे शब्दांतील आवाज वेगळे ओळखणे सोपे गेले आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे वाचन-लेखनही सरस ठरले. मुलांची बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती यांचा हिशेब वजा करूनही हा संबंध टिकून राहिला, म्हणून हे अभ्यास आजही महत्त्वाचे मानले जातात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना ढोलाच्या ठेक्याबरोबर ठेका धरायला लावला. ज्यांना तो जमला, त्यांची भाषेची पूर्वतयारीही चांगली आढळली. अर्थात अशा अभ्यासांतील मुलांची संख्या मर्यादित असते आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीमुळेच घडली असे सिद्ध होत नाही. तरीही आशय स्पष्ट आहे. वाचन डोळ्यांनी सुरू होण्याआधी कानाने सुरू होते.

येथे एक इशारा द्यायला हवा. संगीताने बुद्धी वाढते, असा दावा करून गेल्या तीन दशकांत बरेच काही विकले गेले आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. मोझार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका विशिष्ट प्रकारच्या चाचणीत थोडा वेळ बरे गुण मिळाले, एवढेच त्यात म्हटले होते. विद्यार्थी मोठे होते आणि परिणाम काही मिनिटांचा होता. तरी त्यातून ‘मोझार्ट परिणाम’ नावाची लाट उसळली. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला शास्त्रीय संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी तरतूद मागितली. आपल्याकडच्या गर्भसंस्काराच्या आणि ‘बुद्धिवर्धक’ संगीताच्या ध्वनिफिती त्याच पंक्तीतल्या. बडबडगीताचा फायदा या जातीचा नाही. मूल गाणे निव्वळ ऐकत नाही. ते मध्येच चुकते, पुन्हा म्हणते, टाळी वाजवते, पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज बांधते आणि समोरच्या माणसाच्या ओठांकडे पाहते. शिकणे घडते ते या देवाणघेवाणीत.

समोरचे माणूस किती महत्त्वाचे असते, हे पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगाने दाखवून दिले. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांशी चिनी भाषा बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष खेळली, तेव्हा बालकांना त्या भाषेतील आवाजांतला भेद कळू लागला. तीच व्यक्ती, तेच बोलणे चित्रफितीवर दाखवले तेव्हा बालके काहीच शिकली नाहीत. मुलाच्या हातात मोबाइल देऊन ‘बालगीते लावून दिली आहेत’ असे समाधान मानणाऱ्या शहरातील पालकांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. गावातही चित्र फार वेगळे राहिलेले नाही.

मराठीचा कान

इंग्रजीवरील संशोधन मराठीला जसेच्या तसे लागू करता येत नाही. इंग्रजीत एकेका वर्णाचा आवाज सुटा करावा लागतो. देवनागरीत मूल अक्षर ओळखते, म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची जोडी. कन्नडसारख्या अशाच लिपीत शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात, सर्व अक्षरे पक्की व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात, असे आढळले होते. अक्षरांची संख्या मोठी, त्यात काना-मात्रा, शिवाय जोडाक्षरे. बाराखडी आपण लयीत म्हणत आलो, पाढे सुरात म्हणत आलो, ते काही उगाच नव्हे. प्रस्तुत लेखकाला आजही सत्राचा पाढा मधूनच विचारला तर सांगता येत नाही. पहिल्यापासून चाल धरावी लागते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. लिपी जे सांगत नाही ते कानालाच शिकावे लागते. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च एकाच अक्षराने लिहितात, पण त्यांचे उच्चार निराळे आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला फरक कोणतीही अंकलिपी दाखवत नाही. न आणि ण, ल आणि ळ हे भेदही पुस्तकातून शिकता येत नाहीत. चिऊ-काऊच्या, चांदोबाच्या, पावसाच्या गाण्यांत हे आवाज यमकाच्या जागी पुन:पुन्हा येतात आणि मुलाच्या जिभेवर बसतात. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर, शांता शेळके यांच्यासारख्या मोठ्या कवींनी मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे मानले नाही, हे मराठीचे भाग्य म्हणायचे.

मात्र पुण्या-मुंबईत लिहिलेली गाणी धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या मुलाला आपली वाटतीलच असे नाही. येथील तांड्यांवर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलली जाते. ते मूल अंगणवाडीत येते तेव्हा मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. आईच्या तोंडची अंगाईगीते त्याला ठाऊक असतात, पण अंगणवाडीच्या पुस्तिकेत ती नसतात. जे मूल मराठी गाणे म्हणताना अडखळते, ते मंद असते असे नव्हे. घरी ते दुसऱ्याच भाषेत गाते. नव्या शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. तांड्यावरच्या अंगणवाडीत त्याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या वर्षी गोरमाटी गाणी, त्यांच्या जोडीला मराठी. यासाठी नवा विभाग स्थापन करण्याची गरज नाही. सेविका वा मदतनीस त्याच तांड्यावरची असली तरी पुष्कळ झाले.

जाते गेले, मोबाइल आला

या भागात गाण्याचा तुटवडा कधीच नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे जे प्रचंड काम केले, त्यात महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. तेलगावशेजारच्या माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या १९९६ मध्ये याच उपक्रमात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला. या ओव्या मुलांसाठी रचलेल्या नव्हत्या, त्या बायकांच्या मनीच्या गोष्टी होत्या. पण दळणाऱ्या आईच्या मांडीवर डोके ठेवून पडलेल्या मुलाच्या कानावर पहाटे पहाटे त्यांचा ताल पडत होता. विजेची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले आणि ते योग्यच झाले. कष्टांबरोबर गाण्याची ती वेळही गेली आणि तिच्या जागी दुसरी वेळ कोणी ठरवून आणली नाही.

ती जागा दोन गोष्टींनी भरली. एक मोबाइल. दुसरी म्हणजे बाजारपेठेच्या गावांत निघालेल्या इंग्रजी माध्यमाच्या नर्सरी. तेथे मुले इंग्रजी बालगीते घडाघडा म्हणतात, स्नेहसंमेलनात हातवारे करतात आणि पालकांचा ऊर भरून येतो. पालकांना हसणे सोपे आहे. ऊस तोडण्याचे किंवा कोरडवाहू शेतीचे जिणे पोराच्या वाट्याला नको, म्हणून पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्याची भावना चुकीची कशी म्हणावी? तरीही ज्या जिल्ह्यात धरणाचा तळ दिसणे हीच अनेक वर्षांची बातमी असते, तेथे पावसाला ‘पुन्हा कधीतरी ये’ असे सांगणारे गाणे मुलांकडून पाठ करून घेतले जाते, तेव्हा चमत्कारिक वाटते. मराठी मूल पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावते! गमतीचा भाग सोडला, तरी अर्थ न कळता पाठ केलेल्या गाण्याने उच्चार कदाचित सुधारतील. त्यातून शब्द, कल्पना, प्रश्न निघणार नाहीत. इंग्रजी गाण्यांना विरोध असण्याचे कारण नाही. आधी एका भाषेत मुलाचा कान तयार झालेला असावा, एवढेच म्हणणे आहे.

अंगणवाडीत हे होऊ शकते. किंबहुना अंगणवाडी त्यासाठीच जन्मली. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. महागडी मॉण्टेसरी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, मणी आणि गाणी यांवर तो उभा राहिला. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हाच शब्द देशभर गेला.

शब्द गेला, गाणे मात्र मागे पडले. आज राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तेथून द्यायच्या असतात. पहिल्या पाचांची नोंद होते, आकडे वर जातात. गाणे म्हटले की नाही, हे कोणी विचारत नाही. २०२१ पासून सेविकांच्या हाती ‘पोषण ट्रॅकर’ आले आणि २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर पडताळण्याची सक्ती झाली. रेंज नसलेल्या वस्तीवर या कामात किती वेळ जातो, हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील सेविका व मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. मानधन, निवृत्तिवेतन, उपदान या त्यांच्या मागण्या होत्या. पोटाच्या प्रश्नासाठी रस्त्यावर उतरलेल्या बाईने मुलांपुढे आनंदाने गावे, अशी अपेक्षा करायची तर तिच्या वेतनाचा आणि वेळेचा विचार आधी करावा लागेल.

धोरणाची भाषा मात्र उदार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांपूर्वी होतो असे सांगून तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानले. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गाणी, खेळ, गोष्टी यांना मानाचे स्थान आहे. २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला, ‘पोषण भी, पढाई भी’ ही मोहीम आली. महाराष्ट्रात ‘आकार’ हा अभ्यासक्रम त्याआधीपासून आहेच. सेविकांना दूरस्थ पद्धतीने, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि मोबाइलद्वारे प्रशिक्षण देण्याचा मार्गही धोरणाने सुचवला आहे. पण गाणे म्हणायला लाजणाऱ्या माणसाची लाज पडद्यावरून जात नाही. चार सेविका एकत्र बसून टाळ्या वाजवत गायल्या, तरच ती जाते.

कुरणशाळेचा धडा

समजा, तेलगाव परिसरातील प्रत्येक अंगणवाडीत उत्तम गाणी सुरू झाली. तरीही ट्रॉलीतल्या मुलाला त्याचा उपयोग काय? ते मूल त्या वेळी उसाच्या फडावर असते. पहाटे अंधारात आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि मूल कोपीत किंवा बांधावर राहते. त्याला सांभाळणारी बहुधा त्याची आठ-दहा वर्षांची बहीण असते. जी थोडीफार गाणी त्याच्या कानावर पडतात ती तिच्याच तोंडची, आणि त्यासाठी तिने स्वत:ची शाळा सोडलेली असते. बहिणीच्या मायेची थोरवी गाऊन हा प्रश्न झाकता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले आहे. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे सोडून येऊ शकत नाहीत, तर शाळा चराईच्या रानात. नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा उभ्या केल्या, तो याच विचाराचा विस्तार होता. पुढे शिक्षणहक्क कायदा आला आणि मुलांना नियमित शाळेतच दाखल करण्यावर भर आला. साखरशाळा मागे पडल्या. सहा वर्षांवरील मुलांबाबत त्या निर्णयाचे समर्थन करता येईल. पण कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. तीन ते सहा वयाबाबत त्याचे अकरावे कलम शासनाने ‘आवश्यक व्यवस्था करता येईल’ एवढेच म्हणते. घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदातही २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ असेच शब्द आहेत. फडावरचे मूल या दोन वाक्यांच्या फटीत पडले आहे.

महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतरित माता-बालकांची नोंद ठेवणारी यंत्रणा आणली. गाव सोडलेल्या मुलाचा आहार नव्या ठिकाणच्या अंगणवाडीतून मिळावा, हा तिचा हेतू चांगला आहे. पण कोल्हापूर वा सांगलीच्या गावातील अंगणवाडी गावठाणात असते आणि कोप्या गावाबाहेर, रानात पडतात. मूल एकटे तेथवर चालत जाणार नाही आणि आईचा रोज हाजरीवर नव्हे, तोडलेल्या टनांवर ठरतो. ती मुलाला पोचवायला-आणायला थांबणार नाही. म्हणून हंगामापुरते केंद्र कोप्यांजवळच लागेल. ते चालवणारी बाई त्याच टोळीबरोबर आलेली, त्याच तांड्यावरची असली, तर मुलाला तिची भाषा आणि तिला मुलाची गाणी आधीच ठाऊक असतील. एका कोयत्याऐवजी तिने मुले सांभाळावीत आणि तिची मजुरी बुडू नये, एवढी तजवीज करायची आहे.

त्यासाठी पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि शासनाकडून तेवढेच, असे सूत्र ठरलेले आहे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजनाही आहे. या दोन्हींची सांगड घातली तर कोप्यांजवळ केंद्र उभे राहू शकते. येथे एक सावधगिरी हवी. गाणे स्वस्त असते, म्हणून शासनाला ते आवडण्याचा धोका आहे. ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूर असलेली सुरक्षित जागा, पिण्याचे पाणी, दूध, औषध यांच्या बदल्यात गाण्यांची पुस्तिका वाटून मोकळे होता कामा नये. उपाशी मूल टाळ्या वाजवत नाही.

फाल्गुन-चैत्रात टोळ्या परततात. तेव्हा गावातल्या अंगणवाडीतील मुलांना एव्हाना पंधरा-वीस गाणी येत असतात आणि फडावरून आलेले मूल मागे उभे राहून ओठ हलवत राहते. पावसाळ्यापर्यंत ते थोडेफार सावरते, चार गाणी उचलते. मग पुन्हा दसरा येतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी असे तीन हंगाम गेले, तर अंगणवाडीच्या तीन वर्षांपैकी जेमतेम दीड वर्ष त्याच्या वाट्याला येते. पटावर मात्र तीन वर्षे पूर्ण दिसतात. जूनमध्ये त्याच पटाच्या आधारे ते पहिलीच्या वर्गात बसते.